शेवटचा रकाना

"केअर प्लॅन लिहिण्यात पोरींचा वेळ फुकट जातो. तेवढा वेळ त्या पेशंटजवळ तरी थांबतील." पूर्वी ड्युटी संपल्यावर चहा घेताना कुणीतरी हे बोलून जायचं. आता ते बैठकीत, ठराव मांडावा तसं मांडलं जातं. इस्लामपूर, कराड, मिरज, सांगली या पट्ट्यात नर्सिंगची कॉलेजं वाढली, सकाळी वॉर्डात पोस्टिंगला उतरणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली, आणि त्यांच्या फायलींचा ढीगही वाढला. तो पाहून डॉक्टर वैतागतात, इनचार्ज सिस्टर वैतागतात. आम्हा शिकवणाऱ्यांतलेही काही जण आता म्हणू लागलेत की हे सगळं थांबवा आणि मुलींना नुसतं हाताचं काम शिकवा.

मी याच पट्ट्यात नर्सिंग शिकवते. हे मत मला घातक वाटतं, आणि त्याला गप्प राहून मान डोलवणं मला जमणार नाही.

तक्रारीत तथ्य आहे, ते आधी सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीची फाईल उघडा. पट्टी लावून लाल पेनानं आखलेले रकाने असतात: असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, गोल, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, रॅशनेल आणि सगळ्यात शेवटी इव्हॅल्युएशन. अक्षर मोत्यासारखं. पेशंट हर्नियाच्या ऑपरेशनचा. डायग्नोसिसमध्ये पहिलंच वाक्य की इन्फेक्शनमुळे शरीराचं तापमान वाढलेलं आहे. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पातळ पदार्थ जास्त दिले, ताप उतरला. आता त्याच पेशंटच्या पलंगाच्या पायथ्याशी लटकलेला टीपीआर चार्ट पाहा. तीन दिवस ९८.४ च्या पुढे पारा गेलेलाच नाही. ज्या माणसाला ताप आला नाही, त्याचा ताप या मुलीनं कागदावर उतरवलेला आहे. हे वाक्य तिनं सीनियरच्या फायलीतून घेतलं, सीनियरनं तिच्या सीनियरच्या. फाईल तपासणाऱ्यानं खाली सही केली, कारण त्यानंही टीपीआर चार्ट पाहिला नव्हता.

हे चालतं. ते लाजिरवाणं आहे. पण यावरून "केअर प्लॅन बंद करा" असा निष्कर्ष निघत नाही. बेणं बोगस निघालं म्हणून वाळव्यातला शेतकरी ऊस लावायचा सोडत नाही, बेणं कुठून आणलं ते शोधतो. आपणही तेच शोधायला हवं, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शेवटच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते पाहा. शंभरातल्या बहुतेक फायलींत तिथे दोनच शब्द सापडतील: 'पार्शली मेट'. उद्दिष्ट अंशतः साध्य झालं. मुली हे का लिहितात? 'साध्य झालं' म्हटलं तर व्हायवाला परीक्षक विचारेल, कशावरून? 'साध्य झालं नाही' म्हटलं तर परीक्षक म्हणेल, मग तू केलंस काय? 'अंशतः' म्हटलं की कुणी काही विचारत नाही. गुण कापले जात नाहीत. अपयश लिहिलं की गुण जातात हे मुली पहिल्या वर्षीच शिकतात, आणि तिथून पुढे फाईल परीक्षकासाठी लिहिली जाते, पेशंटसाठी नाही. नक्कल करायची सवय आमच्या गुण देण्याच्या पद्धतीतून आलेली आहे. ती मुलींच्या माथी मारून केअर प्लॅनलाच गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप डॉक्टरांच्या बाजूनं येतो. ऑर्डर लिहिलेली असते, ती नीट पाळली की झालं, वेगळा नर्सिंगचा प्लॅन कशाला? लकव्याचा झटका येऊन दाखल झालेल्या एका आजींचं उदाहरण घेऊ. असे पेशंट आमच्या भागात वर्षभर येतात. उजवं अंग गेलेलं, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. ऑर्डरमध्ये गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, दोन-दोन तासांनी नळीतून आरटी फीड आहे, फीडच्या वेळी डोकं उंच ठेवा असं आहे, फिजिओथेरपी आहे. ऑर्डर अगदी बरोबर आहे. पण आजींची उजवी टाच चोवीस तास गादीवर एकाच जागी दाबली जाते आहे आणि त्या बाजूला संवेदनाच नसल्यामुळे दुखतंय असं त्या सांगू शकत नाहीत, हे त्या ऑर्डरमध्ये कुठेही नाही. डोकं उंच ठेवलं की फीड फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो, पण आजी हळूहळू खाली घसरतात आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत ताणली जाते. मग सून आणि मुलगा दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर ओढतात, आणि कातडी आणखी घासली जाते. एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका वाढवतो. या दोन्हींतून वाट काढायचं काम नर्सचं आहे, आणि ते काढायला तिला विचार करावा लागतो. चादरीसकट उचलायचं, फीडनंतर ठरावीक वेळानं डोकं खाली घ्यायचं, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. हा तिचा प्लॅन.

अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये बेडसोअरचा धोका मोजायची एक साधी पट्टी दिली. संवेदना, ओल, हालचाल, चालणं-फिरणं, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टी. बेरीज ६ ते २३. १८ किंवा त्याखाली आली की सावध व्हायचं. दहा मिनिटंही लागत नाहीत. पण आकडा लिहून काम संपत नाही, आणि खरं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की कातडी लाल झाली आणि बोटानं दाबल्यावर पांढरी पडली नाही, तर ती पहिली पायरी समजा. पुस्तकातला फोटो गोऱ्या कातडीचा असतो. उन्हातान्हात जन्म काढलेल्या आमच्या आजींच्या पाठीवर लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून पाहावं लागतं: आजूबाजूपेक्षा ही जागा गरम लागते का, टणक लागते का, की पोकळ आणि मऊ पडलीये? आणि अर्धं अंग शाबूत असलेल्या आजींना विचारावं लागतं. त्या सांगतात, "हितं आग हुतीया गं, कूस बदलाय येईना झालंय." हे वाक्य असेसमेंटच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं पाहिजे. ज्या मुलीनं हे एकदा स्वतःच्या हातानं तपासलं, तिला पुन्हा कुणाची फाईल उतरवून काढावीशी वाटत नाही. हे मी पाहिलेलं आहे.

रॅशनेलच्या रकान्यावर तर सगळेच नाक मुरडतात. "पाठ पुसायची तर पुसायची, त्याचं कारण काय लिहायचं?" कारण लिहायचं, कारण पाठ कशानं पुसायची हा प्रश्न आहे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर, आणि लाल झालेल्या जागेवर जोर लावून चोळणं. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. हाडावरच्या धोक्यात आलेल्या जागेवर चोळलं तर आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, म्हणून आजची मार्गदर्शक तत्त्वं तिथे मालिश करू नका असं स्पष्ट सांगतात. गोल रिंगवर बसवायचीही तीच गत, तिच्या कडेनं दाब उलट वाढतो. जिला 'का' लिहावं लागतं, तिलाच हे शोधावं लागतं. जी नुसतं हाताचं काम शिकते, ती सीनियरची चूकही तितक्याच प्रेमानं शिकते.

दुसरा आक्षेप मला जास्त जिव्हारी लागतो, कारण तो चांगल्या माणसांकडून येतो. जुन्या, हाताला यश असलेल्या सिस्टर म्हणतात, आम्ही कधी केअर प्लॅन लिहिले नाहीत, आमच्या पेशंटचं काही अडलं का? आणि मग मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण येतं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली सगळी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली आणि परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नर्सनं अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे.

पण ती केअर प्लॅनच्या विरोधात कशी जाते? चार दशकं म्हणजे परिचारिकांच्या किती पिढ्या. ज्यांनी पहिल्या वर्षी सांभाळलं त्या निवृत्त झाल्या, ज्यांनी शेवटच्या वर्षी सांभाळलं त्यांतल्या अनेकींचा १९७३ मध्ये जन्मही झालेला नव्हता. एका माणसाच्या मायेला इतका लांब हात नसतो. सकाळच्या पाळीनं जे केलं ते दुपारच्या पाळीनं पुढे नेलं, दुपारच्यांनी रात्रीच्यांना सोपवलं आणि कुठेही खंड पडला नाही, म्हणून ते घडलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एक अख्खं प्रकरण या एकाच काळजीला दिलेलं आहे: मी हजर असताना जे करते, ते मी हजर नसतानाही कसं होईल? त्या प्रश्नाचं आजच्या वॉर्डातलं उत्तर म्हणजे पाळी बदलताना नीट दिलेली ओव्हर आणि तिच्या मागे असलेली लेखी नोंद. चांगली सिस्टर न लिहिताही चांगलं काम करते, हे मला शंभर टक्के मान्य. तिचं काम आठ तासांनी तिच्याबरोबर घरी जातं, हे तिनंही मान्य करावं.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं परदेशी आहे आणि आपल्या वॉर्डाला झेपणारं नाही. परदेशी आहे हे खरंच. या पद्धतीचा पाया घालणारं आयडा ऑर्लँडो यांचं पुस्तक १९६१ चं, यूरा आणि वॉल्श यांचं १९६७ चं, आणि त्यानंतर अमेरिकेत डायग्नोसिसच्या ठरीव वाक्यांच्या याद्या तयार झाल्या. ज्यांच्या चौदा मूलभूत गरजा आपण पहिल्या वर्षी पाठ करतो, त्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनीच १९८२ मध्ये या पद्धतीवर प्रश्न उभे केले. अनुभवातून येणाऱ्या अंदाजाला आणि माणसामाणसांतल्या नात्याला तिच्यात जागा उरत नाही, अशी त्यांची चिंता होती. ती मला रास्त वाटते. मात्र परदेशी असणं हा दोष धरायचा तर १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत उभं केलेलं मिशन हॉस्पिटलही परदेशीच म्हणावं लागेल, आणि या भागातल्या किती घरांत त्याच्या पुण्याईनं आज माणसं आहेत! वाक्यांची यादी परकी असू शकते. समोरचा पेशंट इथलाच असतो, आणि प्लॅन त्याचा करायचा असतो.

इथलाच म्हणजे कसा, ते सांगते. हंगाम सुरू झाला की वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, राहायला फडाजवळ कोपी. त्यातली एखादी बाई सिझेरियन होऊन वॉर्डात आली की आमच्या मुलींच्या डिस्चार्ज प्लॅनमध्ये हमखास काय उतरतं? सहा आठवडे जड उचलू नका. सकस आहार घ्या. टाक्यांची जागा स्वच्छ ठेवा. आठवड्यानं दाखवायला या. चारही वाक्यं वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष आणि त्या बाईच्या काहीही कामाची नाहीत. ती बसून राहिली तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही. कोपीत पाणी लांबून आणायचं असतं. आठवड्यानं तिची टोळी याच शिवारात असेल की पुढच्या, हे तिलाही माहीत नसतं.

खरा केअर प्लॅन इथे प्रश्नांनी सुरू होतो. मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायचं काम काही आठवडे दुसरं कुणी करेल का, आणि तुझ्याकडे बसून वाढे बांधायचं काम येईल का? हे मुकादमाशी कोण बोलेल, नवरा की सासू? पाणी कोण भरतं? टोळी पुढे कुठल्या गावाला जाणार, आणि तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं? टाक्यातून पाणी आलं, ताप भरला, अंगावरून जाणं अचानक वाढलं, तर फोन कुणाचा लावायचा? एवढं विचारून जी मुलगी गोल लिहील, तिचा गोल 'रुग्णाला स्वतःच्या काळजीचे ज्ञान मिळेल' असा असणार नाही. 'धोक्याच्या तीन खुणा पेशंट आणि तिची सासू डिस्चार्जपूर्वी स्वतःच्या शब्दांत सांगतील' असा असेल. आणि शेवटच्या रकान्यात लिहिता येईल की दोन सांगितल्या, तिसरी आठवली नाही, पुन्हा समजावली. मूल्यमापन म्हणतात ते हे. अमेरिकेतल्या कुठल्याही यादीत कोपी, मुकादम आणि उचल नाहीत. ते आपल्या मुलींनी लिहायचं आहे, आणि तुम्ही त्यांच्या हातातून कागदच काढून घ्यायला निघालात.

राहता राहिलं मनुष्यबळ. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात ५ पेशंटमागे १ आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १ नर्स असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला तीस-चाळीस पेशंट एका सिस्टरच्या गळ्यात असतात. तिनं प्रत्येकाचा सात रकान्यांचा प्लॅन लिहावा असं मी म्हणणार नाही. ते शक्य नाही, आणि रुग्णालयाच्या एनएबीएच मानांकनाच्या तपासणीच्या आदल्या रात्री बसून मागच्या तारखांचे कागद भरायला लावणं हा तर तिचा अपमान आहे. तिच्यासाठी कागद लहानच हवा: या पेशंटचे दोन मोठे धोके, त्यासाठी काय चाललंय, काय बदललं. तीन ओळी. पण त्या तीन ओळींत एक ओळ अशीही असू द्या: 'दर दोन तासांनी कूस बदलायची होती, स्टाफअभावी चार वेळाच बदलता आली.' २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा माणसं कमी आहेत हे त्या घसा फोडून सांगत होत्या. न होऊ शकलेल्या कामाची रोजची नोंद हा त्या मागणीचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. जे लिहिलं जात नाही, ते प्रशासनाच्या लेखी घडलेलंच नसतं. केअर प्लॅन सोडून देणारी नर्स हा पुरावाही सोडून देते.

"पण आपल्याकडे निम्मं काम नातेवाईकच करतात." होय, करतात, आणि त्यामुळेच ते काम दिसत नाही. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात इस्लामपूरचं नाव राज्यभर झालं. इथले करोनाचे रुग्ण भराभर वाढले, त्यांना मिरजेला हलवलं गेलं. वॉर्डात नातेवाईक नव्हते. आजारावर खात्रीचं औषध नव्हतं. मग त्या पेशंटना मिळालं काय? ऑक्सिजन मोजणं, पाणी पाजणं, श्वासाचा वेग पाहणं, घाबरलेल्याशी बोलणं, खाल्लं का ते पाहणं, कालच्यापेक्षा आज कसं आहे हे ओळखणं. एप्रिलमध्ये त्यातले बहुतेक जण बरे होऊन परतले आणि 'इस्लामपूर पॅटर्न'चं कौतुक झालं. प्रशासनाचं, डॉक्टरांचं झालं, ते रास्तच. पण त्या वॉर्डात रोज काय ठरवलं जात होतं आणि काय बदललं जात होतं, त्यातला नर्सिंगचा भाग कुणी अभ्यासाला घेतला? अभ्यासाला घ्यायचा तर तो कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

आता तयार वाक्यांची सॉफ्टवेअर आली आहेत. डायग्नोसिस निवडा, बाकी सगळे रकाने आपोआप भरतात. आमच्यातले काही जण म्हणतात, प्रश्नच मिटला. सीनियरची फाईल आता कॉम्प्युटरमध्ये गेली, एवढंच झालंय. टाच गरम लागते का, हे त्यालाही पलंगाशी जाऊनच पाहावं लागेल, आणि तो जाणार नाही.

काय बदलायचं ते सांगते, कारण नुसता विरोध करून मला थांबायचं नाही. एका पोस्टिंगला फायलींचा ढीग नको. एक पेशंट, दोन समस्या, पण सलग तीन दिवस, आणि रोज नवी तारीख, वेळ व बदल. तपासणी स्टाफरूममध्ये नको, पलंगाशी हवी. टीपीआर चार्ट, आय-ओ चार्ट आणि फाईल एकमेकांशेजारी धरून, मुलीला पेशंटच्या अंगावरची जागा दाखवायला सांगून. आणि गुणांचा निम्मा वाटा शेवटच्या रकान्याला. 'गोल साध्य झाला नाही' असं लिहून तो का झाला नाही आणि उद्या काय वेगळं करणार हे जिनं लिहिलं, तिला तिथे पैकीच्या पैकी. पुराव्याशिवाय 'पार्शली मेट' लिहिणारीला शून्य. विद्यापीठाची परीक्षा आमच्या हातात नाही, इंटर्नलचे गुण आहेत. पुढच्या बॅचला हे लागू करायला कुणाचीही मंजुरी लागत नाही.